चौदावं रत्न खरंच रत्न आहे का?

दोस्तांनो, आपली मराठी भाषा मोठी गमतीची आहे. खाण्याच्या पदार्थांची नावं सांगा म्हटलं, तर तुम्ही भराभर वीस-पंचवीस नावं सांगाल. पण त्यातले काही पदार्थ असे आहेत, की ते ताटात वाढत नाहीत, थेट पाठीत वाढतात! धम्मकलाडू, चापटपोळी आणि धपाटा. मराठवाड्यातलं खमंग धपाटं दह्याशी खातात. पाठीतला धपाटा मात्र नुसताच खावा लागतो. शिवाय 'आज त्याला चांगला प्रसाद मिळाला', 'बाबांनी पूजा केली', 'सरांनी चौदावं रत्न दाखवलं' हे आहेच.

समुद्रमंथनातून चौदा रत्नं निघाली, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. लक्ष्मी, कौस्तुभ, पारिजातक, ऐरावत, अमृत... पण ती सगळी यादी वाचून काढा, त्यात 'मार' कुठंही सापडणार नाही. तरीही आपण माराला चौदावं रत्न म्हणतो. लाडू काय, पोळी काय, प्रसाद काय, रत्न काय! एका दुखऱ्या गोष्टीला आपण इतकी गोड नावं का बरं दिली असतील?

कदाचित मारणाऱ्यालाही आत कुठंतरी ते बरं वाटत नसेल. म्हणून हसण्यावारी न्यायचं. पण ज्याच्या पाठीत रट्टा बसतो, त्याला हसू येत नाही. तेव्हा आज आपण या चौदाव्या रत्नाची नीट पारख करू या. सोनार दागिना कसोटीवर घासून पाहतो ना, तशी. आणि हो, हा लेख एकट्यानं वाचू नका. आई-बाबांनाही शेजारी बसवा. कारण निम्मा लेख त्यांच्यासाठी आहे.

मोठ्यांचं म्हणणं आधी ऐकू

एकाच बाजूचं ऐकून निवाडा करायचा नसतो. म्हणून आधी मोठ्यांची बाजू. ती साधारण अशी असते.

एक : "आम्हीसुद्धा लहानपणी मार खाल्लाय. काही बिघडलं का आमचं? उलट चांगले शिकलो-सवरलो."

दोन : "दहा वेळा तोंडानं सांगून ऐकत नाहीत. एक चापट दिली, की लगेच ऐकतात."

तीन : "लहान मूल गॅसच्या शेगडीकडं निघालं, रस्त्यावर धावलं, तर काय त्याला भाषण द्यायचं?"

चार : "आम्ही काय शत्रू आहोत? माया आहे म्हणूनच मारतो."

आणि शिक्षक म्हणतात, "एका वर्गात साठ-साठ मुलं कोंबलेली. पट्टी हातात नसेल, तर शिकवायचं कसं?"

मुलांनो, ही कारणं खोटी नाहीत. तुमच्या आईला सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत कामं असतात. बाबा लोकलमधून किंवा शेतावरून दमून आलेले असतात. त्यात तुमची भांडणं, दूध सांडलेलं, गृहपाठ तसाच. राग येतो. राग येणं हा गुन्हा नाही. प्रश्न इतकाच आहे, की त्या रागाचा हात झाला म्हणजे मूल त्यातून काय शिकतं?

रोबोटची गोष्ट

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आपण जरा अमेरिकेत जाऊ. साल १९६५. जोनाथन फ्रीडमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दुसरी ते चौथीतल्या मुलांवर एक साधासा प्रयोग केला. यात कुणाला मारलं नव्हतं हं! प्रयोग होता तो भीतीचा.

एका खोलीत पाच खेळणी ठेवली. चार अगदी साधी. पाचवा मात्र बॅटरीवर चालणारा झकास रोबोट. एकेका मुलाला आत बोलावून सांगायचं, "बाकी कशाशीही खेळ, रोबोटशी खेळणं चांगलं नाही." इथपर्यंत सगळ्यांना सारखंच. पण काही मुलांना पुढं दरडावून सांगितलं, "रोबोटला हात लावलास तर मला फार राग येईल आणि मग मला काहीतरी करावं लागेल." बाकीच्यांना अशी धमकी दिली नाही. मग ते गृहस्थ थोडा वेळ बाहेर गेले.

काय झालं असेल? दोन्ही गटांतल्या जवळजवळ सगळ्या मुलांनी रोबोटला हात लावला नाही. म्हणजे धमकीचा उपयोग झाला की! पण थांबा, प्रयोग संपला नाही.

साधारण सहा आठवड्यांनी त्याच मुलांना पुन्हा बोलावलं. या वेळी दुसऱ्याच एक बाई होत्या, निमित्तही वेगळंच होतं. बाईंनी सहज म्हटलं, "वेळ आहे, तोवर कुठल्याही खेळण्याशी खेळा." ज्यांना धमकी मिळाली होती, त्यांच्यातली सुमारे तीन चतुर्थांश मुलं थेट रोबोटकडं गेली. आणि ज्यांना नुसतं समजावून सांगितलं होतं, त्यांच्यातली सुमारे एक तृतीयांशच गेली.

असं का? ज्यांना धमकी दिली होती, त्यांनी मनाशी म्हटलं होतं, 'ते काका रागावतील म्हणून खेळायचं नाही.' काका गेले, भीती गेली, नियमही गेला. दुसऱ्या मुलांपाशी भीतीचं कारण नव्हतंच. त्यांनी स्वतःच स्वतःला पटवलं होतं, 'हे मी करू नये.' तो नियम त्यांचा स्वतःचा झाला होता. म्हणून काका नसतानाही तो टिकला.

आता तुमच्या वर्गाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. कडक सर वर्गात असले, की टाचणी पडली तरी ऐकू येते. सर स्टाफरूममध्ये गेले, की मासळी बाजार! ही शिस्त कुणाची? मुलांची की पट्टीची? शिस्तीची खरी परीक्षा कुणी बघत नसतानाच होते.

गांधीजींच्या तीन आठवणी

महात्मा गांधींनी आत्मचरित्रात आपल्या आयुष्यातल्या तीन प्रसंगांबद्दल लिहिलं आहे. तिन्ही आपल्या विषयाचे आहेत.

पहिला प्रसंग शाळेतला. पहिली-दुसरीत असताना मोहनला एकदा मार बसला. तो खूप रडला. पण पुढं ते लिहितात, की माराचं तितकंसं दुःख नव्हतं. आपण मार खाण्याच्या लायकीचे ठरलो, याचं दुःख जास्त होतं. बघा, वळ दोन दिवसांत जातो. 'मी वाईट आहे' हा शिक्का मात्र साठ वर्षांच्या माणसालाही आठवत राहतो.

दुसरा प्रसंग घरातला. मोहन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. भावाचं कर्ज फेडण्यासाठी त्यानं भावाच्याच सोन्याच्या कड्यातला एक तुकडा चोरला. कर्ज फिटलं, पण मनाला चैन पडेना. तोंडानं सांगायचं धाडस होईना, म्हणून त्यानं एका कागदावर सगळं लिहिलं, शिक्षा मागितली आणि तो कागद आजारी वडिलांच्या हातात दिला. वडील उठून बसले. त्यांनी वाचलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. क्षणभर डोळे मिटून घेतले, कागद फाडून टाकला आणि पुन्हा आडवे झाले. एक शब्द नाही, एक चापट नाही. गांधीजी सांगतात, की त्या आसवांनी आपलं मन धुऊन काढलं.

तिसरा प्रसंग दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवरचा. तिथं गांधीजी स्वतः शिक्षक होते. एक सतरा वर्षांचा दांडगट मुलगा कुणाचं ऐकेना, खोटं बोले, भांडणं करी. एके दिवशी गांधीजींचा तोल गेला आणि त्यांनी रूळ उचलून त्याच्या दंडावर मारला. मारताना त्यांचाच हात थरथरत होता. मुलगा रडला, त्यानं माफी मागितली, आणि पुढं त्यानं कधी त्यांचा शब्द मोडला नाही.

म्हणजे मार लागू पडला! मोठी माणसं म्हणतील, "पाहा, आम्ही काय म्हणत होतो?" पण गांधीजी स्वतः काय म्हणतात? या मारल्याचा आपल्याला आजही पश्चात्ताप होतो, असं ते लिहितात. त्या दिवशी आपण त्या मुलाला आपल्यातला आत्मा दाखवला नाही, आपल्यातला पशू दाखवला, असं त्यांना वाटत राहिलं. मार 'लागू पडला' तरी तो बरोबर ठरत नाही, हे सांगायला मोठं मन लागतं.

आणि श्यामची आई?

इथं कुणीतरी नक्की हात वर करणार. "अहो, पण श्यामच्या आईनंही श्यामला मारलं होतंच ना?"

अगदी खरं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यात श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो, आणि आई त्याला शिंपटीनं मारते, हा प्रसंग आहे. तो लपवून कशाला ठेवायचा?

पण तुम्ही पुस्तक वाचलं असेल, तर आठवून पाहा. श्याम आईकडून इतकं शिकला, ते शिंपटीमुळं शिकला का? आंघोळ झाल्यावर तळवे मळू नयेत म्हणून श्याम हट्ट धरतो, तेव्हा आई त्याला फटका मारत नाही. ती आपल्या लुगड्याचे ओचे पसरते, त्यावर त्याला पाय ठेवू देते आणि मग सांगते, की पायांना जपतोस तसं मनालाही जप. मोठी झालेली माणसंसुद्धा हा प्रसंग वाचताना डोळे पुसतात. शिंपटीचा मार एका दिवसाचा होता. ते लुगडं जन्मभर पुरलं.

आणि आणखी एक. त्या काळी गावोगाव मुलांना मारतच असत. श्यामच्या आईचं थोरपण तिनं मारलं यात नव्हतं. ज्या काळात सगळे मारत होते, त्या काळात तिनं समजावलं किती, यात होतं.

दगडाची गोष्ट

आता स्वीडनला जाऊ. युरोपातला हा थंडगार देश. तिथं अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन नावाच्या लेखिका होऊन गेल्या. 'पिप्पी लाँगस्टॉकिंग' ही धाडसी, उचापती मुलगी त्यांनीच १९४५ साली जगाला दिली. १९७८ साली जर्मनीत त्यांना शांततेसाठीचा एक मोठा पुरस्कार मिळाला. त्या वेळी भाषणात त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती थोडक्यात अशी :

एक तरुण आई होती. त्या काळी लोक मानत, की छडीशिवाय मूल वळणावर येत नाही. एकदा तिच्या लहानग्यानं काहीतरी आगळीक केली. आईनं ठरवलं, आज मारायचंच. ती त्याला म्हणाली, "जा, बागेतून तूच एक फोक तोडून आण." मुलगा गेला तो बराच वेळ आलाच नाही. शेवटी रडत रडत आला. हातात एक दगड होता. म्हणाला, "आई, फोक नाही सापडली. पण हा दगड आणलाय, तो तू मला मारू शकतेस."

त्या एका क्षणात आईला सगळं मुलाच्या डोळ्यांनी दिसलं. मुलाला वाटत होतं, आईला मला दुखवायचंच आहे, मग दगडानं काय आणि फोकेनं काय! आईनं त्याला छातीशी धरलं आणि दोघंही रडली. तो दगड तिनं स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला, कायमची आठवण म्हणून : पुन्हा कधीही हात उगारायचा नाही.

पुढच्याच वर्षी, १९७९ साली, स्वीडननं कायदा केला, की घरीसुद्धा मुलांना मारायचं नाही. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. शाळांमधला मार तर आधीच बंद झाला होता. संसदेत २५९ जणांनी बाजूनं मत दिलं, विरोधात फक्त ६.

तुम्ही म्हणाल, मग काय पोलीस घरोघरी फिरले? नाही. या नव्या नियमाला स्वतःची अशी शिक्षाच नव्हती. मग लोकांना कळवलं कसं? इथं खरी गंमत आहे. सरकारनं घरोघरी माहितीच्या पुस्तिका पाठवल्या, आणि दुधाच्या खोक्यांवर या कायद्याबद्दल छापलं! सकाळी टेबलावर आई-बाबा, मुलं नाश्त्याला बसणार, समोर दुधाचं खोकं. वाचा आणि बोला एकमेकांशी. दोन महिने हे चाललं. दोनच वर्षांत दहातल्या नऊहून जास्त घरांना कायदा माहीत झाला होता. मोठ्यांना शिकवतानाही छडी न वापरता समजावूनच शिकवलं, नाही का?

त्यानंतर फिनलंड, नॉर्वे असे एकेक देश येत गेले. आज ही संख्या साठाच्या वर गेली आहे. आपल्या शेजारच्या नेपाळनं २०१८ साली हा कायदा केला. दक्षिण आशियात असं करणारा तो पहिला देश.

मिशीवाली आई आणि कुरणातली शाळा

"हे सगळं परदेशातलं. आपल्याकडं नाही जमायचं," असं म्हणायची आपल्याला सवय आहे. पण स्वीडनच्या कायद्याच्या सुमारे साठ वर्षं आधी, १९२० साली, गुजरातमधल्या भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केलं होतं. गिजुभाई मुळात वकील. वकिली सोडून ते मुलांमध्ये रमले. त्यांना झुबकेदार मिशा होत्या आणि मुलांवर आईसारखी माया. म्हणून लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत.

त्यांचं 'दिवास्वप्न' हे पुस्तक १९३२ सालचं. त्यात एक शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो. ठरवतो, मारायचं नाही, ओरडायचं नाही. पहिल्याच दिवशी त्याची पार फजिती होते. मुलं इतका गोंधळ घालतात, की त्याला शाळा सोडून द्यावी लागते! दुसऱ्या दिवशी तो छडी आणतो का? नाही. तो गोष्ट सांगायला सुरुवात करतो. आणि वर्ग चिडीचूप. गोष्टीतून वाचन येतं, वाचनातून भाषा येते, खेळातून शिस्त येते.

याच गिजुभाईंबरोबर आपल्या ताराबाई मोडक यांनी काम केलं. पुढं त्या मुंबईला आल्या, १९३६ साली दादरला शिशुविहार काढलं आणि १९४५ साली बोर्डीला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. तिथंच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

आजूबाजूच्या पाड्यांवरची वारली मुलं शाळेत येत नसत. का? ती आळशी होती म्हणून? नाही. त्यांना गुरं राखायला जावं लागे. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, "धरून आणा, दोन छड्या द्या, येतील आपोआप." ताराबाई-अनुताईंनी काय केलं? मुलं कुरणात जातात ना, मग शाळाच कुरणात नेली! गुरं चरताहेत आणि झाडाखाली मुलं शिकताहेत. ही कुरणशाळा. मूल ऐकत नाही, तेव्हा 'याला कसं वठणीवर आणू?' असं न विचारता 'याची अडचण काय आहे?' असं विचारलं, की कुरणशाळा सुचते.

आपल्या आज्यांची एक म्हण आहे ना, मारून मुटकून वैद्यबुवा! जबरदस्तीनं कुणी वैद्य होत नाही, की गणितीही होत नाही. पाढा विसरला म्हणून पाठीत धपाटा बसला, तर पुढच्या वेळी पाढा म्हणताना मुलाचं लक्ष आकड्यांवर नसतं, सरांच्या हातावर असतं. मग 'सात आठे' कुठून आठवणार?

कायदा काय सांगतो?

मुलांनो, आता हा भाग नीट लक्षात ठेवा. हा तुमचा हक्क आहे.

आपल्या देशाच्या १९८६ सालच्या शैक्षणिक धोरणातच म्हटलं होतं, की शाळेतून शारीरिक शिक्षा हद्दपार झाली पाहिजे. २००० साली दिल्ली उच्च न्यायालयानं तिथल्या शाळांमध्ये मारायला परवानगी देणारे नियम रद्द केले. मग २००९ सालचा शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याचं कलम १७ सांगतं, की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. जो करील त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. म्हणजे छडी नाही, कान पिळणं नाही, कोंबडा नाही, बोटांत पेन्सिल धरून दाबणं नाही. आणि सगळ्या वर्गासमोर 'तू मठ्ठच आहेस' म्हणून अपमान करणंही नाही.

याच कायद्यानं शिक्षकांचीही बाजू घेतली आहे बरं का. पहिली ते पाचवीत ३० मुलांमागं एक शिक्षक हवा, सहावी ते आठवीत ३५ मुलांमागं एक, असं त्यात आहे. साठ मुलं एका शिक्षकाच्या गळ्यात बांधायची आणि वर शांत राहा म्हणायचं, हा शिक्षकांवरही अन्यायच आहे.

घरातल्या माराचं काय? आपल्याकडं स्वीडनसारखा, आई-बाबांच्या चापटीवर सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. पण मुलाचा सांभाळ ज्याच्याकडं आहे, त्यानं मुलाला क्रूरपणे वागवलं, तर २०१५ सालच्या बाल न्याय कायद्याप्रमाणं तुरुंगवासही होऊ शकतो.

कायदा आहे, म्हणजे मार थांबला का? २००७ साली केंद्र सरकारनं १३ राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अहवाल काढला. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी १०० तल्या ६५ मुलांनी सांगितलं, की आम्हाला शाळेत मार बसलाय. तो अहवाल शिक्षण हक्क कायद्याच्या आधीचा. पण आजही अधूनमधून वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात, हे तुम्ही वाचता. कायदा कागदावर एका दिवसात येतो, हातात यायला वेळ लागतो.

शास्त्रज्ञांचं एकमत आहे का?

वाद म्हटला, की दोन्ही बाजू हव्यात. २०१६ साली अमेरिकेतल्या एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात १,६०,००० हून जास्त मुलांची माहिती होती. घरी चापट्या खाणारी मुलं पुढं जास्त शहाणी झालेली दिसली नाहीत. उलट हट्ट, मारामारी, मनाची उदासी यांचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसलं.

यावर रॉबर्ट लार्झेलेर यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, "थांबा. मार खाल्ल्यामुळं मूल दांडगट झालं, की मूळचं दांडगट म्हणून त्यानं जास्त मार खाल्ला? आणि क्वचित दिलेली हलकी चापट आणि बेदम चोप एकाच मापानं कसं मोजता?" प्रश्न रास्त आहे. पण एक गोष्ट पाहा. औषध कडू असलं तरी आपण घेतो, कारण त्यानं बरं वाटतं हे ठाऊक असतं. पन्नास वर्षं शोधूनही ज्या कडू औषधाचा पुढं टिकणारा गुण दिसत नाही, ते मुलाला का पाजायचं?

आणि 'आम्ही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?' आई-बाबा, तुम्ही चांगले झालात यात शंका नाही. पण तुम्ही माराच्या बळावर चांगले झालात, की आजीची माया, एखाद्या शिक्षकांची शाबासकी, तुमचे स्वतःचे कष्ट यांच्या बळावर? लहानपणीचा कुठला शिक्षक तुम्ही आजही प्रेमानं आठवता? मुलांना आज जेवताना सांगाच.

मग करायचं तरी काय?

न मारणं म्हणजे लाडावून ठेवणं नव्हे. शिस्त हवीच.

आधी आई-बाबांसाठी. शेगडीकडं धावणाऱ्या बाळाचा हात घट्ट धरा, उचलून बाजूला न्या. आवरणं वेगळं, मारणं वेगळं. राग डोक्यात चढला, तर सरळ सांगा, "मला आत्ता फार राग आलाय. आपण अर्ध्या तासानं बोलू." शिक्षा चुकीला धरून असू द्या. दूध सांडलं तर त्यानंच पुसावं. चेंडूनं शेजाऱ्यांची काच फुटली, तर त्यानं जाऊन माफी मागावी आणि खाऊच्या पैशांतून थोडा वाटा द्यावा. मारानं चुकीचा हिशोब मिटतो. 'मार खाल्ला, संपलं' असं होतं. काच मात्र फुटकीच राहते. आणि मूल खोटं बोललं, तर आधी इतकं विचारा, की खरं सांगायची त्याला एवढी भीती का वाटली?

आता तुमच्यासाठी, दोस्तांनो. हा लेख आई-बाबांच्या नाकासमोर नाचवून 'आता मला हातच लावायचा नाही' म्हणत उंडारायचं नाही बरं! एक वही घ्या. सगळ्यांनी मिळून घराचे पाच नियम लिहा. टीव्ही किती वेळ, मोबाईल किती वेळ, अभ्यास केव्हा. नियम मोडला तर काय, तेही तुम्हीच सुचवा. स्वतः लिहिलेला नियम मोडताना जीव जरा खालीवर होतो. तो रोबोट आठवतोय ना?

आणि एक गंभीर गोष्ट. तुम्हाला किंवा तुमच्या मित्र-मैत्रिणीला घरी, शाळेत, शिकवणीला कुणी खूप मारत असेल, भीती वाटत असेल, तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करत बसू नका. ज्यांच्यावर विश्वास आहे, त्या मोठ्या माणसाला सांगा. आजी, मावशी, काका, आवडते बाई-सर, कुणीही. एकानं ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. दिवसा, रात्री, केव्हाही फुकट लागतो. सांगणं म्हणजे चुगली नव्हे.

झाली चौदाव्या रत्नाची पारख? कसोटीवर ते काही उतरलं नाही. पण निरोप घेण्यापूर्वी एक प्रश्न, आणि तो तुम्हालाच. मॉनिटर म्हणून तुमच्या हातात फूटपट्टी आली, तर ती तुम्ही कशासाठी वापरता? उद्या धाकट्या भावानं तुमच्या नव्या वहीवर स्केचपेननं हत्ती काढला, तर तुमचा हात पहिल्यांदा कुठं जाईल? त्याच्या पाठीवर, की त्याला देण्यासाठी पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याकडं?

मोठे झाल्यावर मुलांना न मारणारे आई-बाबा, शिक्षक व्हायचंय ना तुम्हाला? मग सुरुवात त्या हत्तीपासून करा.